'रोस्का गास' म्हणजे नेमके कोणते आटे?
पोर्तुगीज तांत्रिक मजकुराच्या इंग्रजी अनुवादात 'पासो' म्हणजे पिच (लगतच्या दोन आट्यांतील अंतर) आणि 'आवान्सो' म्हणजे लीड (एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू जितका पुढे सरकतो ते अंतर), हा भेद योग्यच आहे. दुहेरी आट्यांत, म्हणजे एकाच स्क्रूवर शेजारी-शेजारी दोन आटे असतात तेव्हा, लीड पिचच्या दुप्पट असते. मात्र ब्राझीलच्या कॅटलॉगांतील 'रोस्का गास' (शब्दशः 'गॅस आटे') ही संज्ञा मला अधिक घातक वाटते. तेथे बहुधा बीएसपी (ब्रिटिश मानकाचे पाइप) आटे अभिप्रेत असतात, आणि अनुवादात नुसते 'पाइप थ्रेड' लिहिले तर अमेरिकन वाचक ते एनपीटी (अमेरिकन मानकाचे निमुळते पाइप आटे) समजण्याचा संभव असतो. अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला 14 आटेच असल्याने जोड सुरुवातीला बिनबोभाट फिरतो, पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंशांचा व एनपीटीचा 60 अंशांचा असल्यामुळे पुढे गळती ठरलेली. म्हणून मूळ आराखड्यात समांतर आट्यांचे 'जी' आहे की निमुळत्या आट्यांचे 'आर', हे पाहिल्याशिवाय मी इंग्रजी संज्ञा ठरवत नाही.