जडत्वातला 'जड' नेमका कुठला?

प्रश्न : लेक नववीत आहे. शाळेत 'जडत्व' शिकून आली आणि म्हणाली, "म्हणजे वजनच ना? दळणाचा डबा जड, म्हणून त्याला जडत्व." चुकतंय हे कळतं, पण शब्दच असा आहे की तिला काय बोलणार?

प्रतिसाद : हा जड 'जड-चेतन'मधला. संस्कृतात जड म्हणजे निश्चेष्ट, मंद. रोजच्या मराठीत त्याला वजन चिकटलं: डबा जड, डोकं जड, पुरणपोळी पचायला जड. जडत्व म्हणजे आपणहून काहीही न बदलण्याचा स्वभाव. ठेवलंत तर पडून राहील, ढकललंत तर बाहेरून बल लागेपर्यंत सरळ जात राहील.

प्रतिसाद : हे 'जात राहील' जड या शब्दातून कुठे निघतं? जडभरत म्हटलं की ढिम्म बसलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद : लॅटिनचीही हीच गत. 'इनर्शिया' म्हणजे मूळ आळस. केप्लरने तो पदार्थविज्ञानात आणला तोही वस्तूला थांबून राहायची ओढ असते अशाच अर्थाने. पुढे गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले (त्याचं पुस्तक १६३८चं), देकार्तने १६४४ मध्ये चालती वस्तू सरळ रेषेतच जात राहू पाहते हा मुद्दा मांडला. न्यूटनने १६८७ मध्ये शब्द जुनाच ठेवला, पण स्थिर असणं आणि एकसमान वेगाने सरळ जाणं, दोन्ही त्यात बसवलं. म्हणजे शब्द आळशी राहिला, अर्थ चालू लागला. आपण भाषांतर केलं ते त्या आळसाचं!

बाकी, लेक अगदीच चुकलेली नाही. जडत्व मोजायचं ते वस्तुमानानेच, म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे त्याने; आणि इथे जास्त वस्तुमान म्हणजे जास्त वजन. फक्त चंद्रावर डब्याचं वजन सहाव्या हिश्शावर येईल, जडत्व तेवढंच राहील. उचलायला हलका, पण आडवा ढकलून वेग द्यायला इथल्याइतकंच बल.

प्रतिसाद : जडभरताला ढिम्म म्हणू नका हो. भागवतात तो रहूगण राजाची पालखी वाहतो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बघून पाऊल टाकतो, बाकीच्या भोयांशी चाल जुळत नाही, आणि आत राजाला हिसके बसतात. हिसके म्हणजेच जडत्व की!

मूळ प्रश्नकर्ती : ही गोष्ट सांगितली. लगेच उलट प्रश्न आला, "मग भरत अडखळला तेव्हा राजा पुढे का गेला? त्याला कुणी ढकललं?"

प्रतिसाद : कुणीच नाही. पालखी थबकली, राजा चालूच होता.