भाग ३१ मध्ये तिने 'हो' कधी म्हटलं?

भीमाकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. वाचनमात्र सहा वर्षं झाली, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवसा मी पतसंस्थेच्या काउंटरवर असते. रात्री साडेदहानंतर मोबाइलवर टोपणनावाने कथामालिका लिहिते. प्रकाशक नाही, संपादक नाही. घरी फक्त धाकट्या जावेला माहीत आहे. (सासूबाई विचारतात, एवढं काय टाइपत बसतेस? मी सांगते, वसुलीचे मेसेज.) प्रकार डार्क रोमान्स, म्हणजे नायकच गुंड असलेली प्रेमकथा. इटालियन माफिया मला जमेना, म्हणून माझा रणजित रात्री भीमेतून वाळू उपसतो. तीन हायवा, एक पोकलेन, आणि त्याच्या गाड्या अडवायची तालुक्यात कुणाची छाती नाही. अडवते ती नवी नायब तहसीलदार, ऋतुजा. ४० ब्रासचा पंचनामा करते. तो तिला उचलून उसातल्या बंगल्यावर आणून ठेवतो. हो, माहीत आहे. प्रकारच तसा आहे आणि मला तो लिहायला आवडतो, उगाच साळसूदपणा कशाला.

भाग ३१ मध्ये, पाचव्या रात्री, ते जवळ येतात. तिथलं माझं वाक्य: 'तिचा विरोध हळूहळू विरघळत गेला.' खाली बदामांचा पाऊस पडला. मग इनबॉक्समध्ये एका बाईंचा निरोप आला. त्यांना विचारूनच आशय सांगते: माझाही विरोध असाच विरघळायचा ताई, कारण थकून जायचे. नवऱ्याला तो होकार वाटायचा. तुम्हालाही वाटला का?

तीन रात्री लिहिलं नाही. मग सगळे भाग उघडून 'विरघळ' शोधलं, १४ ठिकाणी निघालं. 'अंग सैल पडलं' ९ ठिकाणी. ऋतुजा स्वतःच्या तोंडाने 'हो' कुठे म्हणते तेही शोधलं. एकदाच म्हणते. चहा घेणार का, या प्रश्नाला.

आता ४६ भाग झालेत. जुना भाग बदलू? की वर वाचकांना सावध करणारी सूचना टाकून पुढे जाऊ? की पानोपानी 'तुला चालेल ना?' विचारणारा वाळूमाफिया लिहू, जो कुणीच वाचणार नाही?

अवेळी_वाचक

अय्या, रणजितची लेखिका तुम्ही?! पोरं झोपली की मी तोच वाचते.

बदलू नका. असला माणूस एसटीत शेजारी येऊन बसला तर मी कंडक्टरला सांगून जागा बदलीन. पण कथेत मोबाइल माझ्या हातात असतो. नको झालं की बंद, दुसऱ्या दिवशी मूड असला तर परत चालू. ऋतुजाला ती सोय नाही हे मला कळतं हो. आम्ही बायका एवढ्या बावळट नाही की कथा वाचून असला नवरा शोधायला निघू. सूचना मात्र जरूर टाका, आणि नीट टाका. काही जणी अशी टाकतात की धमक्यांची जाहिरातच वाटते.

काळा_कोट

कथेवर खटला भरायचा नाहीये, पण 'विरोध विरघळला' या शब्दांना आपल्याकडे इतिहास आहे.

१९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, कारण भीतीने अंग टाकून देणं ही इच्छा नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही. त्यावर चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने आणि त्याच कृतीसाठी दिलेली. शब्दांनी असो की खुणेने. तुमचं वाक्य अजून १९७८ मध्ये आहे.

त्या वाचक बाईंबद्दल. बायको १८ वर्षांवरची असेल तर याच कलमात नवऱ्याला आजही सूट आहे. हा प्रश्न त्यांनी कोर्टाऐवजी तुम्हाला का विचारला असेल, बघा. त्यांना हवं असेल तर सांगा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात.

तिसरी_घंटा

वय ७१. डार्क बिर्क कळत नाही, पण पळवून नेणं आम्ही नाटकात भरपूर पाहिलंय.

महाभारतात कृष्ण अर्जुनाला सांगतो, स्वयंवराचा काय भरवसा, सरळ उचल सुभद्रेला. तिला कुणी विचारत नाही. १८८२ ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, त्यात सुभद्रेचं आधीच अर्जुनावर मन आहे आणि दादा तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघालाय. हरण तेच, पण प्रेक्षक टाळ्या वाजवायला मोकळा. रुक्मिणीचं तर विचारूच नका. भागवतात सात श्लोकांचं पत्र तिचं, देवीच्या देवळापाशी ये हा बेत तिचा, कृष्णाने फक्त रथ आणला. आणि आपल्याकडे लग्न जमावं म्हणून मुली पारायण करतात ते एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चं. हरण असूनही नाव स्वयंवर! तुमच्या ऋतुजाकडून एखादं पत्र गेलं का हो?

भीमाकाठची

@तिसरी_घंटा, पत्र गेलं होतं. जिल्हाधिकाऱ्यांना, त्याच्या हायवा जप्त करा म्हणून. :)

दुपारची_शाई

मीही याच वाटेवरची, तीन ईपुस्तकं स्वतःच काढलीत. 'चालेल ना तुला?'ची तुमची भीती मला पटते, पण मराठीला त्या वाक्याची गरजच नाही. तू-तुम्ही बघा. रणजित पहिल्या भागापासून तिला 'तू' म्हणतो, ती त्याला 'तुम्ही'. आधी ती शासकीय जरब असते, बंगल्यावर तीच भीती होते. ती ज्या वाक्यात पहिल्यांदा स्वतःहून 'तू' म्हणेल, तिथे वाचकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. कुणी काही विचारायला नको, तरी सगळ्यांना कळेल.

दुसरं, 'नको' आणि 'नको ना'. आपण रोमान्सवाल्यांनी 'नको ना' इतकं लाडात वापरलंय की खरं 'नको' ऐकूच येत नाही. 'इश्श', मान खाली, पदराशी चाळा, सगळं होकाराच्या खात्यात. मौन म्हणजे संमती हे लग्न ठरवणाऱ्या काकांचं सूत्र. मी हल्ली नायिकेचा 'नको' एकटा ठेवते, पुढे पूर्णविराम. आणि नायकाने तो ऐकला नाही तर निवेदनात त्याची बाजू घेत नाही. नायक वाईट असू दे. तुम्ही लेखिका म्हणून त्याच्या वतीने खोटं कशाला बोलता?

भीमाकाठची

हे शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यात घुमत होतं. पंचनाम्यात जागेवर दिसलं तेच लिहायचं असतं, हे ऋतुजा तलाठ्याला भाग २ मध्ये सुनावते. मीच लिहिलंय ते.

काल भाग ३१ नव्याने टाकला. वर दोन ओळींची साधी सूचना आहे: अपहरण, धाक. उसातला बंगला तोच, पाचवी रात्रही तीच. तो जवळ येतो. ती हात सोडून देते आणि छताकडे बघते. पंख्याला तीन पाती, त्यातलं एक वाकडं.

'काय बघतेस?'

'मोजतेय.'

तो उठतो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसतो. किल्ली टेबलावर राहते. ती रात्री जात नाही, कारण उसात बिबट्या आहे. (हे खोटं वाटेल त्यांनी आमच्या वस्तीवर यावं.) पहाटे जाते. 'तू' भाग ५२ ला येईल असं वाटतंय, तिच्या ऑफिसात, तिच्या खुर्चीत. कदाचित येणारही नाही.

नऊ जणांनी मालिका सोडली. एकीने लिहिलं, 'ताई, रणजित मवाळ झाला, उसाचं चिपाड.' @अवेळी_वाचक, ती तुम्ही नव्हे ना?

त्या बाईंना विचारलंय, नवा भाग पाठवू का? निरोप वाचल्याची निळी खूण दिसते, उत्तर नाही. पाठवलेला नाही.