नृत्याचा मायनर: प्रस्ताव दुसऱ्यांदा परत आला, मदत हवी आहे (गुरुवारच्या आत)

समेवर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पुढच्या वर्षापासून नृत्याचा मायनर (पदवीतला दुय्यम विषय) सुरू करायचं ठरलंय. प्रस्ताव मीच लिहिला. पेपरांची नावं, घटक, संदर्भग्रंथ, परीक्षेची पद्धत, सगळं आहे त्यात. तरी दुसऱ्यांदा परत आला. शेरा एका ओळीचा: "श्रेयांक व कार्यभार जुळत नाहीत." श्रेयांक म्हणजे क्रेडिट, कार्यभार म्हणजे शिकवण्याचे तास; पण नेमकं काय जुळत नाही, ते कोणी सांगायला तयार नाही. गुरुवारी बैठक आहे. कुणाकडे मंजूर झालेला नमुना असेल तर कृपया टाका. तात्त्विक चर्चा नंतर करू.

रानजाई
विद्यापीठ की महाविद्यालय? स्वायत्त आहे का? कुठली नृत्यशैली? शिकवणार कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाही, नमुना कशाचा देणार?

समेवर
स्वायत्त महाविद्यालय, पुणे जिल्हा. अर्थात कथक. मी अर्थशास्त्र शिकवते, पण कथक 'मध्यमा पूर्ण' परीक्षेपर्यंत झालंय, म्हणून काम माझ्याकडे आलं. शिकवायला बाहेरून गुरू येणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय.

नाना_२
एवढा खटाटोप कशाला? संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचा अभ्यासक्रम तयार आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या ठरलेल्या. तोच घ्या, सत्रांत विभागा, झालं. माझ्या दोन्ही मुली त्यातूनच शिकल्या.

खडीसाखर
नाना, असं होत नाही. मंडळाच्या परीक्षा वर्षाला एक धरून आखल्यात आणि मूल लहानपणापासून क्लासला जातंय हे त्यात गृहीत आहे. इथे एकोणीस वर्षांची मुलगी शून्यापासून सुरू करणार.
समेवर, तुमच्या गुरूंची पात्रता काय दाखवलीत? यूजीसीच्या २०१८च्या नियमांत नृत्यासाठी दोन वाटा आहेत. एक नेहमीची, पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा. दुसरी परंपरेने शिकलेल्या कलाकारांची, त्यात नामवंत गुरूंकडचं शिक्षण आणि आकाशवाणी-दूरदर्शनची अ श्रेणी वगैरे अटी आहेत. नुसतं 'विशारद' लिहिलं असेल तर छाननीत अडेल.

नाना_२
विशारदला कमी लेखू नका. ज्यांनी आयुष्यभर शिकवलं त्यातल्या कितीजणांकडे नेट होती?

खडीसाखर
कमी लेखत नाही, मी स्वतः विशारद आहे. कागदावर काय चालतं एवढंच सांगतेय. अनुभवी कलाकाराला आणायचं तर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'चाही मार्ग आहे, २०२२पासून. पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची सक्ती नाही.

पावसाळी
कथकच का पण? आपल्याकडे लावणी आहे, कोळी नृत्य आहे, दशावतार आहे. गावाकडून आलेल्या मुलांच्या अंगात ते असतं. मायनर शास्त्रीयच हवा असा कुठला नियम आहे?

समेवर
नियम नाही. पण माझ्याकडे कथक शिकवणारी व्यक्ती आहे, लावणीची नाही. आत्ता शेऱ्याबद्दल बोलूया का?

उत्तरायण
परदेशात विद्यापीठातलं पहिलं नृत्याचं पदवी-शिक्षण शारीरिक शिक्षणातूनच उभं राहिलं. विस्कॉन्सिन विद्यापीठ, १९२६, मार्गारेट एच'डब्लर. तुम्हीही जिमखाना विभागाखाली घ्या. शिवाय शासन निर्णयाप्रमाणे सीसीच्या (सहअभ्यासक्रमीय उपक्रमांच्या) श्रेयांकांत कला-क्रीडा येतातच. तिथे टाकलं तर अभ्यास मंडळ, कार्यभार, काही नको.

समेवर
सीसीमध्ये आत्ताही आहे. स्नेहसंमेलनाच्या आधी तीन आठवडे सराव, त्यावर श्रेयांक. ते मला नको आहे. बी.कॉम.ची एक मुलगी रोज पाच वाजता ग्रंथालयाच्या मागच्या जिन्याच्या चौकात ततकार, म्हणजे कथकच्या पायांचा सराव, करते. घुंगरू पिशवीत ठेवते, कारण आवाज झाला की शिपाईदादांना तक्रार जाते. पायात नसताना ती घुंगरांचा अंदाज घेऊन पाय टाकते. तिच्या गुणपत्रिकेवर 'नृत्य' हा शब्द विषय म्हणून यायला हवा. त्यासाठीच हे चाललंय.

दप्तरी
मी परीक्षा विभागात होतो, असे बरेच प्रस्ताव हातून गेले. दोन प्रश्न. मायनरचे श्रेयांक सत्रांत कसे मांडलेत? आणि आठवड्याला तास किती लिहिलेत?

समेवर
एकूण १८. दुसऱ्या सत्रात २, मग तिसऱ्या ते सहाव्या सत्रात प्रत्येकी ४. तास तेवढेच. चार श्रेयांक म्हणजे आठवड्याला चार तास. हे उघड आहे म्हणून लिहिलं नव्हतं.

दप्तरी
तिथेच अडलंय. सिद्धान्ताचा एक श्रेयांक म्हणजे सत्राला १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३०. अर्थशास्त्रात चारला चार बरोबर. नृत्यात नाही. चारांपैकी सिद्धान्त किती?

समेवर
एक. बाकी तीन प्रात्यक्षिक.

दप्तरी
मग मांडा. सिद्धान्त १५ तास, प्रात्यक्षिक ९०, मिळून १०५. पंधरा आठवड्यांत आठवड्याला ७ तास. दुसऱ्या सत्रातले २ पूर्ण प्रात्यक्षिक असतील तर ६० तास, म्हणजे आठवड्याला ४. पूर्ण मायनरचं प्रात्यक्षिक ४२० तास, सिद्धान्त ६०. तुम्ही चार तास दाखवलेत, म्हणून जुळत नाही. आणि तिसऱ्या वर्षाची तुकडी सुरू झाली की एका वेळी दोन तुकड्या चालतील, ७ आणि ७ मिळून १४, दुसरं सत्र चालू असताना त्याचे ४ धरून १८. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन. एक गुरू पुरणार नाहीत, हे त्यांना बैठकीआधीच सांगा.

समेवर
दोन महिने मी संदर्भग्रंथांची यादी सुधारत बसले होते! खूप खूप आभार. पण वेळापत्रकात ७ तास कुठून आणू?

रानजाई
दोन-दोन तासांचे तीन सराव, सकाळी साडेसातला किंवा दुपारी शेवटी. एका तासाच्या तासिकेत कथक होत नाही, घुंगरू बांधून सोडण्यातच वीस मिनिटं जातात.
आणि जागा? फरशीवर करणार असाल तर आधीच थांबा. काँक्रीटवर थेट बसवलेल्या टाईल्सवर रोज दोन तास ततकार केला तर नडगी आणि टाच दुखायला लागते, नवख्या मुलांची तर महिन्याभरात. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन हवी. एवढं जमत नसेल तर निदान सभागृहाचं लाकडी रंगमंच मागा. घुंगरांचा आवाज शेजारच्या वर्गाला होणार नाही अशी खोली लेखी मंजूर करून घ्या. ग्रंथालयाच्या वरची नको.

खडीसाखर
तबल्याचं मानधन अंदाजपत्रकात आहे का? लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून) मोबाइलवर लावून भागवू नका. पढंत, म्हणजे तालावर बोल, म्हणताना तबलजी मुलांकडे बघून लय धरतो, मुलं चुकली तर सम (तालाची पहिली मात्रा) दाखवतो. मोबाइल तसाच पुढे जातो.
दुसरं, प्रवेश. मायनरला कुणीही येईल. सात वर्षं शिकलेली आणि कधी न शिकलेली एका रांगेत उभी केलीत तर दोघींचंही नुकसान. सिद्धान्त एकत्र, प्रात्यक्षिकाचे दोन गट ठेवा. नवख्यांसाठी ४२० तासांत तीनताल हा ताल आणि त्यातले कथकचे प्रकार नीट होतात: ठाट, आमद, तोडे-तुकडे, एक-दोन परण, गतनिकास, थोडा झपताल. दोन गट म्हटल्यावर दप्तरींचा आकडा पुन्हा वाढेल, तेही मांडा.

नाना_२
खडीसाखर, तुम्ही सांगितलेला क्रम बहुतेक मंडळाच्या पायऱ्यांसारखाच आहे.

खडीसाखर
क्रम तोच असणार नाना, कथक तेच आहे. फरक तासांचा आणि परीक्षेचा आहे.

पावसाळी
निदान एखादं सत्र लोकनृत्याला द्या. सिद्धान्ताच्या पेपरात तरी.

समेवर
पाचव्या सत्रातला सिद्धान्ताचा श्रेयांक 'महाराष्ट्रातील नृत्यपरंपरा' असा करते. हे मला पटलं.

निंबोणी
धाग्यात मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी मध्यमा पूर्ण झाली आहे, दहावीला वाढीव गुण मिळतात ना? शाळेत कोणालाच नीट माहिती नाही.

दप्तरी
निंबोणी, त्यासाठी वेगळा धागा काढा. प्रस्ताव शाळेमार्फत दहावीच्या शिक्षण मंडळाकडे जातो आणि त्याला मुदत असते, म्हणून आजच मुख्याध्यापकांना भेटा.
समेवर, नमुना हवाच असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा आणि मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयाचा अभ्यासक्रम बघा. तो पूर्ण पदवीचा आहे, जसाच्या तसा उचलू नका. प्रात्यक्षिकाचे तास आणि गुणदान कसं लिहिलंय तेवढं घ्या.

समेवर
तक्ता नव्याने केला. सराव सोमवार-बुधवार-शुक्रवार साडेसात ते साडेनऊ, सिद्धान्त शनिवारी एक तास. दोन गटांसाठी दुसऱ्या शिक्षिकेचं मानधन आणि तबला वेगळ्या रकान्यात. रंगमंचासाठी प्राचार्यांना उद्या पत्र देते. गुरूंना आत्ताच फोन केला, त्यांच्याकडे दूरदर्शनची अ श्रेणी आहे, प्रमाणपत्र शोधतायत. आता एकच अडलंय: प्रात्यक्षिकाच्या अंतर्गत मूल्यमापनात पढंतला वेगळे गुण ठेवावेत का? खडीसाखर, तुम्ही आहात का?

खडीसाखर
आहे. नक्की ठेवा, आणि नवख्या गटाला जास्त ठेवा. पाय वर्षभरात तयार होत नाहीत, पण हातावर ताल धरून बोल स्वच्छ म्हणता येतात. रात्री गुणांची विभागणी पाठवते.