मदत हवी आहे: संशोधनपर धार्मिक ग्रंथाचा प्रकाशन करार

नमस्कार मंडळी, मी पंचवटीत राहते. ब्रह्मपुराणातल्या गौतमी (म्हणजे गोदावरी) माहात्म्यातली तीर्थं आणि आजच्या गोदाकाठची ठिकाणं यांचा मेळ घालणारा ग्रंथ लिहून पूर्ण झालाय. संशोधनपर पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाने होकारही दिला. पण करारानुसार १०० प्रती मी विकत घ्यायच्या आणि कॉपीराइट कायमचा त्यांचा. प्रतींचं एकवेळ समजू शकते, अशा पुस्तकांना खप तो कितीसा! हक्क सोडायला मात्र मन धजत नाही. आयएसबीएनचेही (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचेही) पैसे लावलेत. तो तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो ना?

शिवाय नमुना पानांत अवग्रह (ऽ हे चिन्ह) गायब आणि जोडाक्षरं फुटलेली, ‘सिद्ध’चं ‘सिद्‌ध’ झालंय. संस्कृत तळटीपा मुळाशी ताडून पाहणारे मुद्रितशोधक नाशिकमध्ये कुणी आहेत का? सूची कुणी करायची, लेखकाने की प्रकाशकाने? २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्यांआधी पुस्तक यावं असं फार वाटतं, पण अशुद्ध श्लोक छापून नकोच.

अनुभवी लेखक-संपादकांनी कृपया सांगावं. सही करण्याआधी मसुदा कुणी वाचून दिला, तर फार उपकार होतील.