मदत हवी आहे: ओटिसमध्ये (ओढ्यात विरघळलेले पदार्थ कसे वाहत जातात ते काढणारं संगणक-मॉडेल) क्लोराइडच्या आलेखाची शेपटी, म्हणजे शिखरानंतरचा हळूहळू उतरणारा भाग, जुळत नाही

ओढ्याचा ३०० मीटरचा टप्पा. २ किलो मीठ विरघळवून एकदम ओतलं आणि वर-खाली दोन्ही ठिकाणी वाहकतेवरून दोन तास क्लोराइड मोजलं. वरचा प्रवाह ४० लिटर/सेकंद. मूळ पातळी (मीठ ओतण्याआधीची) वजा करून खालच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ २६.७ ग्रॅम-सेकंद/लिटर भरतं. मॉडेलला दिलेले आकडे: प्रवाहाचा काटछेद ०.२० चौ.मी., साठवण (कडेच्या साचलेल्या, संथ पाण्याचा काटछेद) ०.०८ चौ.मी., अल्फा (प्रवाह आणि साठवण यांच्यातल्या देवाणघेवाणीचा दर) ०.००००१ प्रति सेकंद, विक्षेपण (प्रवाहाच्या दिशेने पसरण्याचा गुणांक) ०.३ चौ.मी./सेकंद, घटक (हिशेबासाठी केलेले टप्प्याचे तुकडे) ५ मीटरचे. शिखराची वेळ जुळते, पण मॉडेलमध्ये ते फार उंच येतं आणि शेपटी लवकर संपते. साठवण दुप्पट केली तरी फरक पडत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
आधी मिठाचा हिशेब लावा. २ किलोत क्लोराइड १,२१३ ग्रॅम. तुमचे २६.७ गुणिले ४० म्हणजे १,०६८, फक्त ८८ टक्के. खालचा प्रवाह ४५ धरला तर १,२०१ येतात. कडेने पाणी झिरपत येत असावं. पण शेपटी अर्धवट मोजली गेली तरी तूट अशीच दिसते, म्हणून खाली प्रवाह मोजूनच ठरवा. ४५ निघाला तर बाजूची आवक दर मीटरला ०.००००१६७ घ.मी./सेकंद द्या. त्या पाण्याचं क्लोराइड शून्य ठेवू नका, नाहीतर मूळ पातळीच खाली जाते. काटछेदही किंचित वाढवावा लागेल.

प्रतिसाद २
साठवण वाढवून फरक पडत नाही, कारण तिच्यात काही शिरतच नाही. टप्पा पार व्हायला १,५०० सेकंद लागतात. या अल्फाने तेवढ्यात जेमतेम दीड टक्का क्लोराइड आत जातं. डॅमकोलर अंक (प्रवासकाळात देवाणघेवाण कितपत होते त्याचं माप) काढा: अल्फा × (१ + काटछेद/साठवण) × प्रवासकाळ = ०.०५. तो ०.१ च्या खाली असेल तर अल्फा आणि साठवण आलेखावरून ठरवताच येत नाहीत. शिवाय साठवणीतला मुक्काम ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास, आणि मोजणी दोनच तासांची! अल्फा ०.०००१ पासून सुरू करा, अंक ०.५ वर येईल.

प्रश्नकर्ता
खाली प्रवाह ४४.८ निघाला. अल्फा बदलताच शेपटी वर आली, शिखरही बसलं. आभार! आता वरून १० मीटरवरचा आलेख काढला तर शिखर ओसरताच सांद्रता मूळ पातळीच्याही खाली जाते.

प्रतिसाद २
तो घटकाच्या लांबीचा दोष. वेग × लांबी ÷ विक्षेपण = ०.२ × ५ ÷ ०.३ = ३.३, हे २ च्या आत हवं. घटक १ मीटरचे करा. कालपाऊल (हिशेबातल्या दोन वेळांमधलं अंतर) ५ सेकंद पुरेल, पण ओटिसमध्ये ते तासांत लिहायचं: ०.००१४. अल्फा मात्र प्रति सेकंदच.