जर्मनीत गेलेल्या मुलीचा फोन, तिथला करार आणि इथला नंबर

प्रतापनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी एमएस करण्यासाठी तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून जर्मनीतील आखेनला गेली. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते) आणि वसतिगृह यांच्या धावपळीत फोनचा विचार राहूनच गेला. दोन वर्षांपूर्वी बर्डीच्या बाजारातून घेतलेला दोन सिमचा अँड्रॉइड फोन तिच्याजवळ आहे. विमानातून उतरल्यावर तिने इथले सिम काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवले आणि तेव्हापासून ती वसतिगृहाच्या वायफायवरच आहे.

मागच्या मंगळवारी शैक्षणिक कर्जाच्या खात्यात एक मंजुरी द्यायची होती. ओटीपी इथल्या नंबरवर जाणार होता, म्हणून तिने सिम पुन्हा टाकले, पण नेटवर्क आलेच नाही. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर बसलो होतो; ती दर दोन मिनिटांनी सिमचा ट्रे पिनने बाहेर काढून, सिम पुसून परत लावत होती. ते पाहताना मला फार अगतिक वाटले.

आता तिथल्या एका दुकानात तिला चोवीस महिन्यांचा करार सुचवला आहे. त्यासोबत मिळणाऱ्या नव्या फोनसाठी सुरुवातीला फक्त एक युरो द्यायचा आहे. हा करार घ्यावा का? जुना फोन तिथे नीट चालेल का? आणि इथला नंबर जिवंत कसा ठेवायचा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वर्धा रोड ते म्युनिक

काका, आधी इथल्या नंबरचे पाहा, कारण बाकी सर्व गोष्टी नंतर बदलता येतात, पण बँक, आधार आणि पॅन यांना जोडलेला नंबर हातचा गेला तर तो परत मिळवण्यासाठी तिला भारतात यावे लागू शकते.

नेटवर्क न येण्याची कारणे बहुधा दोन असतील. एक तर निघण्यापूर्वी केलेले २८ दिवसांचे रिचार्ज संपले असेल, किंवा त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच केलेले नसेल. तुम्ही नागपुरातच कंपनीच्या दालनात जाऊन दोन्ही गोष्टी विचारून घ्या. रोमिंग सुरू झाल्यावरही सिग्नल आला नाही, तर तिला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायला सांगा. परदेशात आलेल्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, त्यामुळे ओटीपीचा खर्च शून्य असतो. मात्र त्या सिमवर आलेला कॉल उचलला तर पैसे जातात, म्हणून कॉल उचलू नये आणि त्या सिमचे डेटा रोमिंग कायम बंद ठेवावे.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर ते २० रुपये कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण या शेवटच्या आधारावर विसंबू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. डेटा नसलेला असा लांब मुदतीचा पॅक तुमच्या मुलीसाठी अगदी योग्य आहे. तो कधी संपतो, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहून ठेवा. अभ्यासाच्या गडबडीत ती तिच्या लक्षात राहणार नाही.

आता कराराविषयी. मी स्वतः आल्या आल्या असाच करार केला होता आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. एका युरोत मिळालेल्या फोनची किंमत दरमहा हप्त्यात वसूल होते. पूर्ण चोवीस महिन्यांची बेरीज करून ती साध्या प्लॅनच्या आणि सुट्या फोनच्या बेरजेशी ताडून पाहा, म्हणजे फरक दिसेल. मला दीड वर्षाने नोकरीसाठी नेदरलँड्सला जावे लागले, तरी पैसे शेवटपर्यंत भरावे लागले. १ डिसेंबर २०२१ पासून जर्मनीच्या कायद्यात एक चांगली सुधारणा झाली आहे: पहिली मुदत संपल्यावर करार आपोआप वाढला, तरी एक महिन्याची सूचना देऊन तो केव्हाही मोडता येतो. पण पहिल्या चोवीस महिन्यांतून ही सुधारणा सोडवत नाही. शिवाय ऑनलाइन केलेला करार चौदा दिवसांत मागे घेता येतो, दुकानात सही केलेल्या कराराला तो हक्क नसतो. म्हणून दुकानात सही करायची घाई तिने मुळीच करू नये.

प्रीपेड घ्यावे. आल्डी टॉक हे प्रीपेड सिम ओ-टू कंपनीच्या जाळ्यावर चालते, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या आणि काँगस्टार डॉइच टेलिकॉमच्या. पॅक चार आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज धरावे. आपल्याकडच्या २८ दिवसांसारखाच हा हिशेब आहे. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे, आणि युरोपीय संघात रोमिंगला वेगळे पैसे लागत नाहीत, त्यामुळे तेच सिम तिकडेही चालेल. स्वित्झर्लंड मात्र त्या व्यवस्थेत नाही. तिकडे सहलीला जाताना डेटा बंद ठेवावा.

एक विद्यार्थिनी, ड्रेस्डेन

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरपा धरून त्यावरची चकाकी दाखवायला सांगतात. माझ्या खोलीतल्या पिवळ्या दिव्यात ती दिसेचना आणि कॉल दोनदा तोडला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसले, तेव्हा पाच मिनिटांत काम झाले. तेही जमले नाही तर टपाल कार्यालयात पासपोर्ट दाखवून ओळख पटवण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात.

जुन्या फोनबद्दल: त्याचे मॉडेल शोधून ४जी चे बँड २० (फोन ज्या लहरींवर चालतो त्यांचा एक पट्टा) आहे का, एवढे पाहा. शहराबाहेर आणि रेल्वेत हे ८०० मेगाहर्ट्‌झचे बँड फार उपयोगी पडते आणि भारतात विकल्या जाणाऱ्या काही फोनमध्ये ते नसते. ५जी चे एन-७८ बँड दोन्ही देशांत आहे. बँड २० असेल तर नवा फोन घेण्याचे काहीच कारण नाही.

त्रिमूर्तीनगर

माझा मुलगा अमेरिकेत आहे, त्यामुळे एक सावधगिरी सुचवते. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या मालिकेपासून सिमची खाचच नाही. त्याने फोन घेतल्यावर इथले सिम घालायला जागा उरली नाही आणि ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच सुरू होणारे सिम) करून घेताना आमची फार धावपळ झाली. सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद राहतात, हेही आम्हाला तेव्हाच कळले. नेमके त्याच दिवशी फी भरायची होती. जर्मनीतल्या बहुतेक आयफोनना खाच असते, पण ई-सिम करायचेच असेल तर बँकेचे कोणतेही काम नसलेला दिवस निवडा.

प्रतापनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. आज दालनात जाऊन आलो. रिचार्ज संपलेले होते आणि रोमिंगही सुरू नव्हते. दोन्ही करून घेतल्यावर संध्याकाळी तिच्या फोनवर सिग्नल आला आणि बँकेचा ओटीपी पोहोचला. फोनमध्ये बँड २० आहे. दुकानातल्या कराराला तिने नकार कळवला असून उद्या दुपारी, खिडकीशी बसून, ती प्रीपेड सिमची ओळख पटवणार आहे.