मदत हवी आहे: कंपनीकडून आलेला ग्राहकांचा डेटा किती दिवस ठेवायचा?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं वॉशिंग मशीन-फ्रिज दुरुस्तीचं छोटं सर्व्हिस सेंटर आहे. एक मोठी कंपनी रोज सकाळी तक्रारींची एक्सेल पाठवते: नाव, मोबाइल, पत्ता, मॉडेल. तीच आम्ही टेक्निशियन पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. सगळीकडे असंच चालतं म्हणा.

आता कंपनीने नवा करार पाठवलाय. काम झालं की डेटा पुसायचा, पुढे कुणाला द्यायचा तर लेखी परवानगी घ्यायची, आणि डेटा फुटला तर सगळी भरपाई आमची, तीही अमर्याद! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर करार काहीही असो, मुख्य जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्या कंपनीवरच आहे. दंड २५० कोटींपर्यंत, म्हणून ओझं खाली ढकलतायत असं माझं मत.

खरी अडचण पुसण्याची. वॉरंटीबाहेरच्या कामाचं बिल आम्ही ग्राहकाच्या नावाने करतो आणि जीएसटीचे कागद ७२ महिने सांभाळावे लागतात. मग बिलं ठेवून बाकीचं पुसायचं, असं करारात कुणी लिहून घेतलंय का? भरपाईला मर्यादा घालून मिळते का? आणि टेक्निशियनच्या फोनमधले नंबर कसे काढता? नमुना कलम असेल तर कृपया टाका.